जहाजाची जागल

मेर्सिन बंदराबाहेर, तुर्कस्तान
३ सप्टेंबर २०२३

प्रिय ताई,

कागदावर का लिहितोस, असं विचारशीलच, म्हणून आधी तेच सांगतो. फोन आहे, पण चार्ज करायला वीज नाही. जनरेटरचं डिझेल संपत आलंय. कॅप्टन संध्याकाळी थोडा वेळ तो चालवतो आणि तेवढ्यात सगळ्यांची झुंबड उडते. म्हणून मी पत्र लिहितो आणि युसुफ अबी त्याचा फोटो काढून तुझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो. युसुफ अबी म्हणजे आम्हाला पाणी आणि पाव आणून देणारा नावाडी. अबी म्हणजे दादा. तूही कागदावरच लिही, तो तुझ्या पत्राचा फोटो दुकानातून छापून आणेल. तुझं अक्षर दिसलं की बरं वाटतं, मग त्यात शिव्याच का असेनात.

आता मुद्द्याचं. मालकानं हात वर केलेत. तेलवाल्यापासून बंदरापर्यंत सगळ्यांना टांग मारून तो गायब झालाय आणि इथल्या कोर्टानं जहाज जप्त केलंय. लिलाव होईल, त्यातून सगळ्यांचं भागवलं जाईल, असं म्हणतात. तोवर आम्ही किनाऱ्यापासून लांब नांगर टाकून उभे. समोर गाव दिसतं, गाड्या दिसतात, पण व्हिसा नाही म्हणून उतरता येत नाही.

नवी मुंबईच्या आपल्या एजंटनं कॅप्टनला कळवलंय की, जहाजावर एक जबाबदार माणूस राहिला तर कोर्ट बाकीच्यांना घरी जाऊ देईल. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. इंग्रजी मला बरं येतं ना, तुझीच कृपा. कागद इंग्रजीत आणि तुर्कीत आहे. इंग्रजीत 'कस्टोडियन' लिहिलंय. तुर्की शब्द युसुफ अबीनं समजावला, येदिएमिन, म्हणजे ज्याच्या हाती ठेव सोपवावी असा विश्वासू माणूस. जहाज विकलं जाईपर्यंत, नाहीतर माझ्या जागी दुसरा माणूस येईपर्यंत मी इथं राहायचं. सोबत कागदाचा फोटो आहे. सही करू का? बाबांना विचार. सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसलेत.

तुझा,
ऋषिकेश


मालेगाव, जि. वाशीम
११ सप्टेंबर २०२३

ऋष्या, गाढवा, आशीर्वाद.

समुद्रावर जाऊन हुशारी वाढली म्हणायची. निदान सही करायच्या आधी विचारलंस तरी.

पोळा तोंडावर आलाय म्हणून मी रविवारी शिरपूरला घरी गेले होते. बैलांच्या झुली ओसरीत पसरल्या होत्या आणि त्यातच बसून आम्ही तुझा कागद वाचला. मी डिक्शनरी घेऊन ओळ न् ओळ लावली. कस्टोडियन म्हणजे राखणदार, पण साधा चौकीदार नव्हे, कोर्टानं नेमलेला. बाबांना सांगितलं तर त्यांची छाती फुगली. म्हणाले, "म्हंजे जागल्या! पोट्ट्याले मान देऊन राह्यले ते. खळ्यावर रास पडली का जागल्या कोणाले बी करत नसत. भरवशाचा माणूस पाहत. अन् रास मापाले बसले का पयलं माप जागल्याचं निघे, मालकाचं मागून."

हे मला पटलं. आजोबांच्या काळी हीच रीत होती ना? सगळ्या गावाची ज्वारी खळ्यावर असायची, जागल करणारा तिथंच झोपायचा, आणि धान्य मोजताना पहिलं माप त्याच्या पदरात. मग जहाजाचा लिलाव झाला की राखणदाराला आधी मिळेल, हे सरळच आहे. जे घरी जातील ते रांगेत मागे. आणि नोकरीच्या अर्जातही 'कस्टोडियन' कसं भारदस्त दिसेल!

आपल्या विजयमालाबाई मात्र झुलीला टाके घालत म्हणाल्या, "माप राहू द्या बाप्पा. पोरगं घरी येते का नाई, थे पाहा." आईचं काय, तू वाशिमला गेलास तरी तिला परदेश वाटायचा.

तर सही कर. ठसठशीत कर.

माझ्या इंग्रजीच्या क्लासच्या नव्या बोर्डावर तुझा फोटो लावलाय, पांढरा युनिफॉर्म, मागे जहाज, खाली 'आमचा विद्यार्थी परदेशात'. त्या बोर्डामुळे नवी पोरं आली. शेलूबाजारकडच्या तांड्यातला अमरदीप नावाचा एक आहे. खलाशाचा कोर्स करून बसलाय, जहाज मिळायची वाट बघतोय. रोज विचारतो, "मॅडम, भाऊचं पत्र आलं का?"

तुझी,
ताई


मेर्सिन बंदराबाहेर
२९ सप्टेंबर २०२३

प्रिय ताई,

सही केली. कोर्टाचा कारकून बोटीतून आला होता. त्यानं माझा अंगठाही घेतला, म्हणजे बाबांना सांग, अगदी जुन्या पद्धतीनं जागल्या झालो. बाकीचे गेले. जाताना प्रत्येकानं मिठी मारली. एक जण तर माझ्या पाया पडला, माझ्याहून मोठा असून.

कॅप्टन आणि स्वयंपाकी गोविंदा सोबत आहेत. त्यामुळे आईला काळजी करू नको म्हणावं. गोविंदा नांदेडकडचा आहे, पिठलं छान करतो.

मी युसुफ अबीकडून तुर्की शिकायला लागलोय. तू शिकवतेस तसं नाही, पाठांतर नाही, तो बोट दाखवतो आणि मी म्हणतो. एक शब्द रोज कानावर येतो, चालिशियोरुझ. आम्ही काम करतोय, असाही त्याचा अर्थ आणि आम्ही प्रयत्न करतोय, असाही. कारकुनाला विचारलं, जहाज कधी विकणार? म्हणाला, चालिशियोरुझ. मला बरं वाटलं. ज्या लोकांना काम आणि प्रयत्न यांत फरकच वाटत नाही, ते हातावर हात ठेवून बसणार नाहीत.

युसुफ अबी मात्र पाण्याचे कॅन चढवताना नुसता हसला.

तुझा,
ऋषिकेश


मालेगाव
५ नोव्हेंबर २०२३

ऋष्या,

दिवाळी आठवड्यावर आली आणि सोयाबीन घरात येऊन पडलं. बाबा तुझ्या वाटचं कामही एकटे करतात आणि मला फोनवर विचारतात, "लिलाव झाला का?" मी म्हणते, होईल.

मी स्वस्थ बसलेली नाही, हे तुला कळावं म्हणून लिहिते. एकही उंबरठा सोडला नाही. दिल्लीला लिहिलं, मुंबईला लिहिलं, तिथल्या वकिलातीला लिहिलं, जहाजी लोकांच्या संघटनांना लिहिलं. सगळं इंग्रजीत, आणि ऋष्या, माझं इंग्रजी इतकं चांगलं याआधी कधी झालं नव्हतं. क्लासमध्ये मी पोरांकडून 'प्रयत्न' या शब्दासाठी ट्राय, अटेम्प्ट, एन्डेव्हर, स्ट्राइव्ह असे शब्द घोकून घेते. मला वाटायचं ट्राय म्हणजे साधं, स्ट्राइव्ह म्हणजे जिवाचं रान करणं. आता उत्तरं येतात तर त्यात सगळे उंची शब्द. जेवढा शब्द मोठा, तेवढा माणूस लांब.

एका उत्तरात होतं, एव्हरी एफर्ट इज बीइंग मेड. सर्वतोपरी प्रयत्न केले जात आहेत. कोण करतंय, ते शोधायला मी ते वाक्य परत परत वाचलं. त्यात एकही माणूस नाही. आपल्या तहसीलमध्ये निदान 'साहेब जेवाले गेले' असं तरी सांगतात.

अमरदीपनं तुझ्यासाठी एक अर्ज स्वतः लिहून आणला. पंधरवडाभर सुधारत बसावं लागेल एवढ्या स्पेलिंगच्या चुका, पण शेवटी लिहिलं होतं, प्लीज सर, ही इज अवर ब्रदर. मी तो तसाच पाठवला. त्याला उत्तर आलं नाही, ते एका अर्थी बरंच झालं.

प्रयत्नांती परमेश्वर म्हणतात. बघू तो कुठल्या खात्यात बसतो ते.

कॅप्टनला आणि गोविंदाला दिवाळीच्या शुभेच्छा सांग.

तुझी,
ताई


मेर्सिन बंदराबाहेर
२१ जानेवारी २०२४

प्रिय ताई,

पत्राला उशीर झाला. समुद्र खवळलेला होता, युसुफ अबी आठ-दहा दिवस येऊ शकला नाही.

लिलाव झाला. म्हणजे तारीख होती, आणि बोली लावायला कुणी आलं नाही. आता परत केव्हातरी. जहाज जुनं आहे, गंज चढलाय, शिवाय इंजिनरूममध्ये कुठून तरी पाणी झिरपतं. हातपंपानं रोज उपसावं लागतं. अवघड नाही, व्यायाम होतो.

गोविंदानं संक्रांतीला तिळाचे लाडू केले. तीळ नव्हते, पण केले. कॅप्टन म्हातारा झालाय, जास्त बोलत नाही.

'मेहनत' हा शब्द तुर्कीतही आहे. मी युसुफ अबीला पंपाचे घट्टे दाखवले आणि म्हणालो, मेहनत. तो एकदम गंभीर झाला. त्यांच्याकडे तो जुना शब्द आहे, मिहनेत म्हणतात, आणि त्याचा अर्थ दुःख, हाल. कष्ट वगैरे काही नाही, नुसते हाल. म्हणाला, तुझ्या देशात यालाच काम म्हणतात का? मी हो म्हणालो. त्यानं मला त्याची लोकरीची टोपी दिली.

आईला सांग, थंडी नाही.

ऋषिकेश


मालेगाव
१० मार्च २०२४

ऋषिकेश,

काल युसुफचा निरोप आला. पहिल्यांदाच तुझ्या पत्राशिवाय, त्याचा स्वतःचा. तुर्कीत होता. मी फोनमध्ये घालून त्याचं इंग्रजी करून घेतलं, मग परत घातलं, कारण मला वाटलं फोन चुकतोय. तो लिहितो, तुमचा भाऊ जहाजावर एकटा आहे. बाकी सगळे शरद ऋतूतच गेले. मागच्या दोन फेऱ्यांना मी हाका मारल्या तर तो कठड्याशी आला नाही. पाणी दोरीनं वर घेतलं नाही. तुम्ही त्याला काहीतरी लिहा.

कुठला कॅप्टन? कुठला गोविंदा? कुणाच्या हातचं पिठलं खात होतास तू इतके महिने? मी आईला तो लाडवांचा मजकूर वाचून दाखवला होता. ती म्हणाली, तीळ नसताना कायचे लाडू केले असतीन बाप्पा? आणि मी तिला म्हणाले, आई, तू प्रत्येक गोष्टीत खोट काढतेस.

मला तुझा फार राग आलाय. तू माझ्याशी खोटं बोललास याचा नाही. मला ते खरं वाटलं, याचा. मी तुझं अक्षर ओळखते, तुझं खोटं ओळखत नाही.

हा कागद हातात पडला की कठड्याशी ये आणि युसुफला तोंड दाखव. बाकी काही लिहू नकोस, एवढं कर.

ताई


मेर्सिन बंदराबाहेर
२ एप्रिल २०२४

ताई,

तुझा कागद आलाय, अशी खालून हाक ऐकली आणि आलो कठड्याशी. युसुफ अबीनं वर बघून आधी शिव्या घातल्या आणि मग रडला.

कॅप्टन आणि गोविंदा सही वाळायच्या आत गेले, सगळ्यांबरोबर. मी त्यांना ठेवून घेतलं ते आईसाठी. नंतर माझ्यासाठी. संध्याकाळी मी गोविंदाला विचारायचो, आज काय करतोस? वऱ्हाडीत विचारायचो, म्हणजे आवाज घरातल्यासारखा वाटायचा. हे लिहायला लाज वाटते, पण तुला आता खरं तेच हवं आहे.

मग ऐक. डिझेल संपलंय. काळोख पडला की मी वर डेकवर झोपतो, कारण आत उंदीर आहेत. सकाळी खाली जाऊन पंप मारतो. पाणी रोज येतं. एक दिवस नाही उपसलं तर जहाज एका अंगाला कलायला लागतं. बुडालं तर राखणदार म्हणून जबाबदार मी, तुरुंगात मी. नाही बुडालं तर माझी सुटका नाही. जे मला सोडत नाही, ते मीच रोज तरंगत ठेवतो. हात दुखतात तेव्हा वाटतं, एकदा थांबून बघावं. आणि तरी मी पंप मारतो. का मारतो, मला माहीत नाही. माझ्याकडे दुसरं काही करायला नाही, म्हणून असेल.

कारकून मध्यंतरी येऊन गेला. मी विचारलं नाही. त्यानं आपणहून सांगितलं, चालिशियोरुझ. मी त्याला पंप दाखवला आणि म्हणालो, चालिशियोरुम. मी करतोय. तो खाली बघत बोटीत उतरला.

बाबांना एक विचार. आजोबांच्या काळी जागल्याला उठता यायचं का? रास मोजायला कुणी आलंच नाही, तर तो काय करायचा?

ऋषिकेश


मालेगाव
१८ ऑगस्ट २०२४

ऋष्या,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण मी ते बरेच महिने टाळलंय. बाबा म्हणाले, "रास मापल्याबिगर जागल्या उठत नसे. घरी कोणी मेलं तरी नसे उठत." मी विचारलं, मग हे तेव्हाच का नाही सांगितलंत? तर म्हणाले, "मापाले लोक आलेच नाईत, असं कधी झालंच नव्हतं पोरी." त्यानंतर ते गोठ्यात जाऊन बसले. जेवायला आले नाहीत.

आम्ही तुला मान मिळाला म्हणून पोळ्याला पुरण जास्त घातलं होतं. एवढंच आठवतं मला आता.

अर्जांचं विचारू नकोस. दुसऱ्या लिलावालाही कुणी आलं नाही, हे तुला माहीत आहेच. उत्तरं येतात, मी उघडत नाही. मधल्या पत्रांमध्ये मी तुला 'प्रयत्न चालू आहेत' असं दोनदा लिहिलं, तेही आता वाचवत नाही. साहेबलोकांचं वाक्य होतं ते, मी नुसतं मराठीत केलं.

मागच्या आठवड्यात बाबांना घेऊन नवी मुंबईला गेले. एजंटनं चहा मागवला. गोड माणूस आहे, तेच वाईट आहे. त्यानं तुझाच कागद काढला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं, दुसरा माणूस येईपर्यंत. म्हणाला, "मॅडम, आपके क्लास में तो लड़के होंगे ही. एक दे दो, साइन कर देगा, भाई छूट जाएगा. टिकट मैं करूँगा."

मला आधी कळलंच नाही तो काय मागतोय. कळलं तेव्हा अमरदीपचं नाव माझ्या तोंडाशी आलं होतं, ऋष्या. पहिल्या बाकावर बसतो, पासपोर्ट तयार आहे, कोर्स झालाय. नाव तोंडाशी आलं आणि मी उठले. चहा तसाच राहिला. बाहेर येऊन बाबांना म्हणाले, चला. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

मी नाही म्हणून आले. तुला पटेल, असं मला वाटतं.

ताई


मेर्सिन बंदराबाहेर
२७ ऑगस्ट २०२४

ताई,

नाही म्हणायला तुला कुणी सांगितलं होतं? पंप तू मारतेस का?

पाठव.

ऋषिकेश


मालेगाव
२० ऑक्टोबर २०२४

ऋषिकेश,

तुझं ते पत्र मी आईला दाखवलं नाही, बाबांनाही नाही. बरेच दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. मग काल शेलूबाजारला उतरून जीपनं तांड्यावर गेले.

अमरदीपच्या घरी बांधाबांध चालली होती. सगळा तांडा ऊसतोडीला निघायच्या गडबडीत आहे. ट्रक येणार म्हणून भांडी पोत्यात, कोंबड्या टोपलीखाली. त्याची आई रुपाबाई आणि बाप दौलतसिंग मला बघून इतके हरखले की बसायला पोतं झटकून दिलं, शेजारच्या मोतीबाईकडून माझ्यासाठी दूध आणवलं. मॅडम तांड्यावर आली ना.

मी ठरवून गेले होते की काही लपवायचं नाही. सगळं सांगितलं. जहाज जप्त आहे, पगार नाही, वीज नाही, एकट्यानं राहायचं, पाणी उपसायचं, सुटका कधी ते कुणी सांगू शकत नाही. तुझं उंदरांचंही सांगितलं. अमरदीप दाराशी उभा राहून ऐकत होता.

रुपाबाईनं विचारलं, "तिथं मारतात का, मॅडम?"

"नाही."

"खायाले भेटते?"

"पाव भेटतो. पाणी भेटतं."

"अन् झोपाले?"

"खोली आहे. पलंग आहे."

"मंग?" ती म्हणाली. खरंच तिला पुढचं कळत नव्हतं.

मी म्हणाले, अहो, तिथून कधी सुटेल ते सांगता येत नाही. तर दौलतसिंग हसले. म्हणाले, "उसातून कोण सुटलं बाई? माहा बाप नाई सुटला, मी नाई सुटलो. ह्याले उसात न्या लागू नये म्हणून त् शिकवला. तिथं बसून निदान ऊन त् लागत नाई."

अमरदीप आत गेला आणि पासपोर्ट घेऊन आला. मला म्हणाला, "मॅडम, भाऊ घरी येतीन ना मंग?"

मला वाटलं होतं, ते मला हाकलून देतील. दगड मारतील. म्हणजे मी तुला लिहिलं असतं, ऋष्या, मी प्रयत्न केला. आणि मोकळी झाले असते. त्यासाठीच गेले होते मी, आता कळतं. त्यांनी मला निघताना ओटी भरून शेंगा दिल्या.

मी एक शब्द खोटा बोलले नाही, आणि तरी जीपमध्ये बसल्यावर मी पदरानं तोंड झाकून घेतलं, चोरी करून पळाल्यासारखं.

एजंटला फोन केलाय. आल्याबरोबर क्लासच्या बोर्डावरचा तुझा फोटो काढला. खिळे गंजले होते, फाटला.

ताई


मेर्सिन
१६ डिसेंबर २०२४

ताई,

हे पत्र जमिनीवरून लिहितोय. बंदराजवळच्या लॉजमध्ये आहे, उद्या इस्तंबूलची बस, तिथून विमान. फोन चार्ज आहे, बोलता आलं असतं, पण बोलून हे सांगणं जमणार नाही.

अमरदीप आला. युसुफ अबीच्या बोटीतून दोरशिडीनं वर चढला तो धापा टाकत, पाठीवर सॅक आणि हातात त्याच्या आईनं दिलेल्या भाकऱ्यांचं फडकं. वर येऊन आधी पाया पडला. मी त्याला विचारलं, "ताईनं तुले सगळं सांगतलं का?"

"सांगतलं."

"मंग काहून आला बे?"

"तिथं राहून तरी काय करून राह्यलो असतो, भाऊ?"

मी त्याला पंप दाखवला. त्याचे हात चांगले मजबूत आहेत. दहा-वीस वेळा मारून म्हणाला, हे त् सोपं हाय. वर कुठे झोपायचं ते दाखवलं, पाऊस आला तर कुठे सरकायचं ते दाखवलं. आम्ही दोघांनी भाकऱ्या खाल्ल्या. वाळल्या होत्या. मी चार खाल्ल्या आणि मग लक्षात आलं की, त्याला त्या पुरवून खायच्या असतील.

कारकून आला. कागद पुढे ठेवला. अमरदीपनं माझ्याकडे बघितलं, सही कुठे करायची म्हणून. त्या क्षणी मला बोलायचं होतं. जीभ होती, शब्द होते, तीन-तीन भाषांतले होते. मी बोट ठेवून जागा दाखवली.

बाबांना, आईला काय सांगायचं ते तू ठरव. मला कुणी हार घालू नका, स्टँडवर न्यायलाही कुणी येऊ नका. रुपाबाईंकडे मी जाईन. जायला हवं. पण लगेच नाही जमणार.

निघताना बोट थोडी लांब गेल्यावर युसुफ अबीनं वर बघून हाक दिली, कोलाय गेलसिन. इथं काम करणाऱ्या माणसाच्या जवळून जाताना असं म्हणतात, तुझं काम हलकं होवो. मलाही तो प्रत्येक फेरीला म्हणायचा. तुला कधी लिहिलं नव्हतं, कारण ते ऐकलं की मला रडू यायचं. त्यात तो काही कबूल करत नाही, कसला प्रयत्न करतो म्हणत नाही. काम आहे, ते तुलाच करायचंय, आणि मी चाललो, एवढंच.

अमरदीप कठड्यावर वाकून ओरडला, "भाऊ, काय म्हणते तो?"

मी ओरडून सांगितलं, "लवकर सुटशीन म्हणते."

तो हसला. दोन्ही हात हलवून म्हणाला, "थँक्यू, भाऊ."

ऋषिकेश